तीनशे दोनमधली उजळणी

१

पुस्तक आईच्या हातात असायचं आणि उत्तर माझ्या तोंडात. दहावीच्या त्या फेब्रुवारीत रोज साडेचारला आमचा हा कार्यक्रम चालायचा, तीनशे दोन नंबरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये, उघड्या फरशीवर बसून.

फ्लॅट आमचा नव्हे. बाबा मखमलाबाद रोडवरच्या त्या नव्या इमारतीचे वॉचमन, आणि आम्ही तिघं राहायचो खाली पार्किंगमधल्या खोलीत. तीनशे दोन अजून विकला गेला नव्हता. कधीही गिऱ्हाईक बघायला येईल म्हणून आई रोज दुपारी तीनला वर जाऊन तो पुसून ठेवायची, त्यामुळे किल्ली तिच्या कमरेला असे. पुढे हॉल, एका बाजूला ओटा, आणि आत एक खोली. सामान काहीच नाही, म्हणून जे बोलाल ते भिंतींवरून परत यायचं. बोअरची मोटर बंद असली की ग्रिलवर कबुतराची नखं वाजलेली ऐकू येत.

हे सुरू झालं उज्वला मॅडमच्या सांगण्यावरून. पूर्वपरीक्षेत विज्ञानाच्या पहिल्या पेपरला माझं डोकं कोरं झालं. अभ्यास केला होता, चांगला घोकून केला होता. प्रश्न वाचला आणि कोणीतरी ओलं फडकं फिरवावं तसं सगळं गेलं. चाळीसपैकी चार मिळाले. मॅडम रागावल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "संध्या, तू सगळं मनात वाचतेस, म्हणून घाबरलीस की सुटतं. रोज कोणाला तरी मोठ्याने म्हणून दाखव. पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं. त्यांना त्यातलं कळायला हवं असं काही नाही."

ही अट आईला अगदी बसत होती. तिला अक्षरओळख नाही. पेठच्या पुढे आमचं गाव, तिथली शाळा तिने बाहेरूनच पाहिलेली. ती उत्तर तपासायची माझ्या डोळ्यांवरून. डोळे छताकडे गेले की म्हणायची, "नाय येत तुला. परत म्हण."

बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "पास झाली तर कॉलेजात घालतो. नाय झाली तर मावशीसंगं द्राक्षाच्या बागेत जायचं. मला दोन्ही चालंल." त्यांना खरंच दोन्ही चाललं असतं. मी मावशीचे हात पाहिले होते. मला एकच चालणार होतं.

२

पाण्याचं असंगत आचरण. तो भाग मी त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणायला घेतला होता, हे मला पक्कं आठवतं.

"पाणी शून्य अंश सेल्सिअसपासून तापवत नेले असता प्रसरण न पावता आकुंचन पावते. त्यानंतर मात्र..."

"चार," आई म्हणाली.

"काय चार?"

"चारपर्यंत आकुंचन. मंग पुढं प्रसरण. तू चार खाल्लं."

मी पुस्तक ओढून घेतलं. तिचा अंगठा त्याच ओळीखाली होता. 

मला गंमत वाटायला हवी होती, पण राग आला. माझं असं होतं, घाबरले की आधी राग येतो. मग डोकं चालवलं. आकडे तिला येतात. बसचे नंबर वाचते, मजले मोजते. पानावर चारचा आकडा दिसला असेल. आकुंचन हा शब्द मी भांडी घासताना पुटपुटले असेन, तो तिच्या कानावर पडला असेल. घोकणाऱ्या मुलीच्या घरात भिंतींनाही धडे पाठ होतात, आई तर माणूस आहे. एवढं सगळं जुळवून झाल्यावर मी तिला म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? तू नुसतं पुस्तक धरून बस."

ती नुसतं पुस्तक धरून बसली. पुढचं उत्तर मी न चुकता म्हटलं, तरी तिने नेहमीसारखी मान हलवली नाही. ती आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघत होती.

३

दोन दिवसांनी सकाळी ती खाली खोलीत सुकट निवडत होती. मी शाळेचे बूट चढवत होते. हातातली सुकट तशीच धरून ती एकदम म्हणाली, "वरती सगळं बर्फ झालं, तरी खालचा मासा मरत नाय ना? तळाशी चार अंशाचं पाणी ऱ्हातं म्हणून. किती शहाणं असतं पाणी."

"कोणी सांगितलं तुला?"

"तूच नाय का सांगितलं काल."

मी सांगितलं नव्हतं. थंड प्रदेशातल्या माशांचा तो भाग धड्याच्या शेवटी आहे आणि मी तोवर तिथे पोचलेही नव्हते. उजळणीचं पुस्तक घरीच असायचं, ते उघडून पाहिलं. होता. ती म्हणाली तसाच.

"मी कधी सांगितलं?"

"वरती. लय झाक सांगितलं, आपल्या गावच्या बोलीत. म्हणून तर मला कळलं." ती हसली. "किती वर्षांनी बोलली तू तसं. मला आये म्हणाली."

मी बुटाची नाडी बांधत राहिले. गावची बोली मी सहावीत सोडली. नाशिकच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात मी काहीतरी बोलले आणि अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी घरातही पुस्तकासारखं बोलते, आणि आयेची आई झाली. तिने कधी तक्रार केली नाही. ती तक्रार करत नाही म्हणून मला ते सोपं गेलं.

शाळेत जाताना मी स्वतःला समजावलं की परीक्षेच्या ताणाने असं होतं. माणूस बोलतो आणि विसरतो. वर्गातली सायली झोपेत प्रमेय म्हणते, तिच्या आईने सांगितलं होतं. मग मी जागेपणी मासे सांगितले असतील. फक्त न वाचलेला धडा कसा सांगितला, तेवढं कुठे बसत नव्हतं.

४

त्या आठवड्यात मॅडमना केंद्रावर बैठक होती, म्हणून जादा तास झाला नाही. मी सव्वातीनलाच घरी आले. खोलीला कुलूप होतं. आई वर असणार म्हणून जिने चढायला लागले.

दुसऱ्या मजल्यावर मला मी ऐकू आले.

मोबाईलमध्ये आपलाच आवाज ऐकवला की तो परका वाटतो, हे सगळ्यांना माहीत आहे. हा तसा नव्हता. बोलताना माझा आवाज मला जसा डोक्याच्या आतून ऐकू येतो, अगदी तसाच हा बाहेरून येत होता. शांतपणे, कुठेही न अडखळता. दवबिंदू समजावून चालला होता. पहाटे आपल्या नागलीच्या पातीवर पाणी कुठून येतं, असं काहीतरी, गावच्या बोलीत. मध्येच थांबून विचारत होता, "कळलं का गं, आये?"

मी कठड्याला धरून वर गेले. फ्लॅटचं दार उघडं होतं. आई हॉलमध्ये भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर माझं पुस्तक, शेजारी बादली. तोंड आतल्या खोलीच्या बंद दाराकडे. इतकी निवांत बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

माझे बूट वाजले आणि आवाज थांबला.

"का थांबली?" आईने दाराला विचारलं. मग तिने मला पाहिलं. दाराकडे पाहिलं. पुन्हा मला. "तू भायेर कधी आली?"

मी सरळ जाऊन आतलं दार उघडलं. खोली रिकामी होती. खिडकीला ग्रिल, कपाटासाठी सोडलेला कोनाडा, वर पंख्याची नुसती वायर. लपायला जागा नाही, पलीकडे दुसरं दार नाही. फरशी नुकतीच पुसलेली, सगळी ओली. खिडकीखाली मात्र पाटाएवढी जागा कोरडी होती.

"तिथं का नाही पुसलं?" मी विचारलं.

"तिथं तू बसली होती ना," आई मागून म्हणाली. "तुझ्या भवतीनं पुसलं."

५

मी तिला खाली आणलं आणि पोलिसासारखे प्रश्न विचारले. तिने सगळ्यांची उत्तरं दिली, आणि तिच्या उत्तरांमध्ये काहीच विचित्र नव्हतं. तेच मला सहन होईना.

मी म्हणे रोज तीनला शाळेतून येते. ती ओणवी होऊन पुसत असते, मागून माझ्या पावलांचा आवाज येतो. मी आतल्या खोलीत बसते. ती भोवतीने पुसून बाहेर येते आणि दार लावून घेते, कारण तोंडाकडे बघितलं की मला आठवत नाही, असं मीच तिला सांगितलंय. मग मी म्हणते, ती ऐकते. पानावरची कितवी ओळ चालू आहे तेही मी आतून सांगते. मग मी पाणी प्यायला खाली जाते आणि साडेचारला परत येते.

"जाताना बघतेस मला?"

"मी बादली ओतायला गेलेली असते." तिने थोडा विचार केला. "परत आली की मात्र तू लय चिडतीस. आत असतीस तव्हा कशी गोड बोलतीस."

"पुसताना तोंड बघितलंस का? कधी एकदा तरी?"

"आपल्याच पोरीचं तोंड काय बघायचं?" आई म्हणाली.

मला रडू आलं. भीतीचं थोडं आणि हेव्याचं जास्त. दाराआड का होईना, तिथे बसून कोणीतरी माझ्या आईला पाण्याबद्दल सांगत होतं. मी पाच वर्षांत तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. मी तिच्यासमोर म्हणायचे, तिला कधी सांगायचे नाही. 

त्या दिवसापासून मी उजळणी खाली पार्किंगच्या खोलीत घेतली. वर पुसायला जायचं तर मी घरी आल्यावर, दहा मिनिटांत जाऊन परत यायचं, असं आईला बजावलं. ती हो म्हणाली. बाबा म्हणाले, "अभ्यास करून पोरीचं डोकं फिरलंय. परीक्षा होऊ दे, उतरंल."

आणि माझं सगळं जायला लागलं. आधी दवबिंदू गेला. मग भिंगं, मग गुरुत्वाकर्षण. पान डोळ्यांसमोर असायचं, डावीकडची आकृतीसुद्धा दिसायची, पण शब्द काढून घेतलेले. मी तोंड उघडायचे आणि आई पुस्तक धरून माझ्या डोळ्यांकडे बघायची. "नाय येत तुला," एवढंच म्हणायची. उज्वला मॅडम म्हणाल्या, असं होतं, सगळ्यांना होतं, जेवत जा, झोपत जा. मी जेवत होते. झोपत होते.

पेपरला एक दिवस उरला तेव्हा मला विज्ञानातलं एकही उत्तर येत नव्हतं.

६

आदल्या दिवशी तीनला मी आईला म्हणाले, "चल वर."

ती इतक्या चटकन उठली की माझ्या काळजात काहीतरी तुटलं.

मी हॉलमध्ये बसले, तोंड भिंतीकडे. आईने आतली खोली पुसली. मला फडक्याचा आवाज येत होता, पिळल्याचा, सरकवल्याचा. मग पावलं आली. अनवाणी, माझ्या मागून, हॉल ओलांडून आत. मी वळले नाही. वळायला हवं होतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण उद्या अकरा वाजता माझ्यासमोर कोरा कागद येणार होता, आणि त्याची भीती पाठीमागच्या पावलांपेक्षा मोठी होती. हे ऐकून कोणी हसेल. त्याने दहावीची परीक्षा विसरलेली असणार.

आई बाहेर आली, दार लावून माझ्याजवळ बसली. आतून सुरुवात झाली, पहिल्या धड्यापासून.

मी ओठ हलवत मागोमाग म्हणत गेले. प्रत्येक शब्द आपल्या जागेवर येऊन बसत होता. गुरुत्वाकर्षण आलं, भिंगं आली, उष्णता आली. खाली मोटर सुरू झाली, बंद झाली. रस्त्यावरून क्रेट भरलेला टेम्पो गेला. आई मध्येमध्ये "हां" म्हणायची, "असं होय" म्हणायची, आणि आतला आवाज तिच्यासाठी थांबायचा. मी कधी थांबले नव्हते. सहा वाजत आले, हॉलमध्ये ऊन भिंतीवर चढलं, आणि शेवटचा धडा संपला. मला सगळं येत होतं.

मग आतून विचारलं गेलं, "आये, मी भायेर येऊ?"

आईने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला. शेजारी मी बसलेली, आणि आतून मी विचारत होते. ती काहीतरी जुळवू बघत होती, आणि अजून एक क्षण गेला असता तर तिने जुळवलं असतं. मी तिला तो क्षण दिला नाही.

"आता नको," मी दाराला म्हणाले. "उद्या. पेपर झाल्यावर."

 मग दाराच्या अगदी जवळून, माझ्या कानाच्या उंचीवरून, उत्तर आलं.

"बरं."

७

पेपर सोपा होता. निदान सगळे तसं म्हणाले. मी प्रश्न वाचला, डोकं कोरं झालं. पेन धरून बसले. मग आतून कोणीतरी पहिला शब्द म्हटला आणि मी लिहायला लागले. शेवटच्या प्रश्नात विचारलं होतं की अतिशय थंड प्रदेशात तळी गोठली तरी जलचर जिवंत कसे राहतात. मी पानभर लिहिलं. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी माझं झालं होतं.

बाहेर सायली उत्तरं ताडून बघत होती. माझं सगळं बरोबर निघालं. मला आनंद होत होता आणि पाय घरी जायला तयार नव्हते. मी एक रिक्षा सोडली, दुसरी सोडली. मग चालत निघाले. उन्हात अख्खा मखमलाबाद रोड चालले. मनात हिशोब हा होता की मी नुसतं बोलले. दाराला काहीतरी बोललं म्हणून कोणी त्याला बांधील होत नाही. आज आईला वर जाऊच द्यायचं नाही. किल्ली बाबांकडे देऊन टाकायची.

पोचले तेव्हा खोलीला कुलूप होतं. बाबा गेटवर खुर्चीत बसले होते. त्यांनी मला पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"आता तर वर गेलीस," ते म्हणाले. "कव्हा उतरली?"

८

तीनशे दोनचं दार उघडं होतं. आतल्या खोलीचंही उघडं होतं.

आई हॉलमध्ये माझ्याकडे पाठ करून बसली होती. तिच्यापुढे, तिच्या गुडघ्यांमध्ये, कोणीतरी बसलं होतं. आई तेल लावून वेणी घालत होती. मला दिसत होते ते दोन तळपाय, बाजूला आलेले, शाळेचे बूट घालून पडतो तसा करंगळीवर घट्टा असलेले. आणि आईच्या खांद्यावरून थोडासा भांग. वेणी मी चौथीनंतर तिला घालू दिली नव्हती. आई गावच्या बोलीत काहीतरी सांगत होती आणि हसत होती.

चार पावलं पुढे गेले असते तर मला तोंड दिसलं असतं. मी गेले नाही.

"आई," मी म्हणाले.

तिने मान वळवली नाही. तिच्या बोटांत तीन पेड होते, ते सुटले असते.

"आली का?" ती म्हणाली, इतक्या मायेने की मला वाटलं मी लहान आहे. "जा, आत बस. दार लाव. तोंडाकडे बघितलं की तुला आठवत नाय ना. तू म्हण बाई, मी ऐकते."

ते कोणाला बोलली, असं मी कितीदा स्वतःला विचारलंय. तेव्हा विचारलं नाही. माझी आई मी ऐकते म्हणाली, आणि तेवढं पुरे होतं.

मी आत गेले. दार लावलं. फरशी ओली होती, खिडकीखालची पाटाएवढी जागा सोडून.

उरलेले तीन पेपर कोणी दिले ते मला माहीत नाही. चांगले गेले असावेत. मे महिन्यात एका दुपारी खाली गेटजवळ गलका झाला. ग्रिलमधून मला बाबांच्या हातातला पेढ्यांचा पुडा दिसला आणि उज्वला मॅडमची स्कूटी दिसली. माणसं झाडाआड होती. मॅडम म्हणत होत्या, "शाब्बास, संध्या." मग कोणीतरी उत्तर दिलं आणि सगळे हसले. मी पास झाले होते.

आई अजून तीनला येते. भोवतीने पुसते, वर बघत नाही. बाहेर जाऊन भिंतीला टेकते, आणि मी तिला आये म्हणते, आणि पहिल्या धड्यापासून सांगायला लागते.